साधा, गोल, पाच सेंटिमीटर

शाई नसलेलं अक्षर वाचायचं असेल तर कागद खिडकीशी न्यावा आणि जरा तिरका धरावा. समोरून बघितलं तर तिथे काहीच नसतं, नुसता पांढरा कागद. तिरका धरला की एका बाजूने उजेड येतो, बारीक सावल्या पडतात, आणि पाण्याखालून काहीतरी वर यावं तसं आधी एक वर्तुळ, मग त्यात कोणाचं तरी नाव, मग 'नोटरी' हा शब्द वर येतो. मी आयुष्यभर ही अक्षरं कोरली. उठावाचे शिक्के करणारी बाई म्हणून मंडईमागच्या आमच्या गल्लीत मला ओळखतात, म्हणजे ज्यांना ओळखायचं असतं ते. बाकीचे विचारत, "रबरी शिक्का लगेच मिळेल का?" मी म्हणे, "मिळेल. समोरच्या दुकानात."

हे काम मी माहेरून आणलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा दुकान सासऱ्यांचं होतं. मामंजी अबोल गृहस्थ, दिवसभर पितळेवर वाकलेले. नव्या सुनेशी बोलायचं काय हेही त्यांना सुचत नसे. मला लहानपणापासून उलटं लिहायची खोड होती, आरशात धरलं की सुलटं दिसेल असं. बहिणीला माझी डायरी वाचता येऊ नये म्हणून शिकले आणि मग हाताला तेच वळण लागलं. एकदा फोनजवळच्या कागदावर मी असंच काहीतरी गिरगटलं होतं. मामंजींनी तो कागद उचलला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे तुम्ही आरशाशिवाय लिहिलंत?" दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी माझ्यापुढे पितळेचा एक तुकडा आणि कोरायची सळई ठेवली. आमचे हे बँकेत होते. ते सगळ्यांना सांगत, "बाबांना सून नको होती, कारागीर हवा होता. त्यांना मिळाला. माझं काय ते मी बघतो."

शिक्का म्हणजे दोन चकत्या. खालच्या पितळी चकतीत अक्षरं उलटी आणि खोल कोरलेली. वरच्या चकतीवर तीच अक्षरं उंच, खालच्या खळग्यांत नेमकी बसणारी. मध्ये कागद घालून दाबलं की कागद त्या खळग्यांत शिरतो आणि तसाच राहतो. तो फाटता कामा नये आणि नुसता चुरगळताही कामा नये. कागदाला थोडं ताणायचं, पण तो दुखावेल इतकं नाही, सगळी कला एवढीच. शाई झेरॉक्समध्ये उतरते, हा उठाव नीटसा उतरत नाही. म्हणून मूळ कागद कोणता आणि नक्कल कोणती हे बोटाला कळतं.

दिवसभर उलटी अक्षरं कोरून संध्याकाळी दुकानाबाहेर पडलं की मला मंडईतल्या पाट्या क्षणभर वाचताच येत नसत. सगळं जग कोणीतरी दुसऱ्या बाजूने छापलंय असं वाटे. भाजीवाल्या, टांगलेल्या केळ्यांचे घड, दगडी मनोरा, सगळं आरशातलं, शांत आणि जरा लांबचं. मग कोणीतरी ओरडे, "ओ ताई, वाटेत काय उभ्या राहिलात!" आणि जग सुलटं होई. स्वप्नंही मला तशीच पडत. त्यांत आमच्या ह्यांचा भांग नेहमी उजवीकडे असे. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "निदान स्वप्नात तरी केस आहेत."

नोटरींचा शिक्का हे आमच्याकडचं मानाचं काम. त्याचा नियम ठरलेला आहे. साधा गोल शिक्का, व्यास पाच सेंटिमीटर. त्यावर नोटरीचं नाव, कोणत्या भागासाठी नेमणूक आहे ते, नोंदणी क्रमांक, 'नोटरी' हा शब्द आणि ज्या सरकारने नेमलं त्याचं नाव. एवढंच. पण नव्याने नेमणूक झालेला माणूस नवऱ्या मुलासारखा असतो. त्याला एवढ्यावर भागत नाही.

एक गृहस्थ आले, त्यांना मधोमध सिंह हवे होते. मी म्हटलं, राजमुद्रा अशी कोणालाही वापरता येत नाही. ते म्हणाले, "मग नुसता एक सिंह टाका. साधा." मी विचारलं, "साधा म्हणजे कसा? बसलेला?" ते रागावून गेले आणि आठवड्याने परत येऊन मुकाट्याने नियमाप्रमाणे करून घेऊन गेले. दुसऱ्या एकांना आपलं नाव सरकारच्या नावापेक्षा ठळक हवं होतं. मी तसा नमुना काढून दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि स्वतःच हसायला लागले. "नेमणूक मी सरकारची केली असं वाटतंय," म्हणाले.

शरयूताई आल्या तेव्हा मात्र नियम त्यांना तोंडपाठ होता. नुकती नेमणूक झालेली, वारज्याला ऑफिस. तेव्हाचं वारजे म्हणजे मध्येमध्ये शेतं आणि मध्येमध्ये नव्या इमारतींचे खांब. उंच, सडपातळ बाई, खांद्याला मोठी पर्स. मामंजी तोवर थकले होते, खुर्चीत बसून नुसतं ऐकत. शरयूताईंचा शिक्का हा मी एकटीने केलेला पहिला.

शिक्का घ्यायला येणारे बहुतेक लोक यंत्राची चकाकी बघतात. शरयूताईंनी पर्समधून वेगवेगळे कागद काढले. स्टॅम्प पेपर, लेजर पेपर, साधा टंकलेखनाचा कागद. मी दोन यंत्रं पुढे ठेवली. एक टेबलावरचं, बिडाचं, वरून दांडा दाबायचं. दुसरं पकडीसारखं, हातात धरून आवळायचं. त्यांनी दोन्हीवर एकेक कागद दाबून पाहिला.

"टेबलाचं जास्त चांगलं उठतं," मी म्हटलं. "पाच सेंटिमीटर म्हणजे मोठं वर्तुळ आहे. पकडीला जोर लागेल."

"जोर आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझे लोक टेबलापाशी येणारे नाहीत. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणी दवाखान्यात. हे पर्समध्ये मावेल?"

मावलं. मी त्यांचा शिक्का जीव ओतून केला. कडेने मोत्यांची एक माळ कोरली, बारीक बारीक ठिपक्यांची, मामंजींनी शिकवलेली. आत दोन रेघा, मग अक्षरं. पहिला उठाव शरयूताईंनी खिडकीशी धरला.

"मोती नियमात नाहीत," त्या म्हणाल्या.

"शोभेला आहेत."

"असू देत. तुमची सही समजते."

मामंजी खुर्चीत हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हाच पाहिलं.

पुढची कितीतरी वर्षं तो शिक्का शरयूताईंच्या पर्समधून वारजे, शिवणे, कोथरूड असा फिरत राहिला. मधूनमधून त्या साफ करायला आणत, चहा घेत, जात. आमची मैत्री अशी नव्हती, पण ओळखीपेक्षा जास्त काहीतरी होतं. एकमेकींचं काम ठाऊक असलेल्या दोन बायांचं असतं तसं. माझे डोळे थकले. दुकानात संगणकावर चालणारं कोरायचं यंत्र आलं आणि ते माझी भाची चालवू लागली. मी सकाळी जाऊन बसे, ओळखीच्या गिऱ्हाइकांशी बोले, दुपारी घरी येई.

अशाच एका सकाळी, काही वर्षांपूर्वी, दुकानासमोर गाडी थांबली. शरयूताई उतरल्या. त्यांच्या मागून त्यांचा मुलगा निखिल, कानाला फोन लावलेला, आणि त्याच्यामागून हिरव्या नऊवारीतली एक म्हातारी बाई, हातात प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून.

"ह्या हिराबाई," शरयूताई बसत म्हणाल्या. "वारज्याच्या. मीनाताई, माझा शिक्का बोथट झालाय. जरा बघा."

हिराबाईंनी पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे असा ठेवला, जणू तो फुटेल. त्यांची मुलगी संगीता परदेशात नर्स होती. तिथे कायमचं राहायचा तिचा अर्ज होता. त्यासाठी जन्माचा दाखला लागतो आणि तिचा जन्म कुठे नोंदलेलाच नव्हता. अशा वेळी आईचं प्रतिज्ञापत्र चालतं, की ही माझी मुलगी, अमुक गावी, माझ्या पोटी जन्मली. ते शरयूताईंनी केलं होतं, शिक्का मारला होता, कागद समुद्रापार गेला होता आणि तिथून परत आला होता. शेरा एवढाच होता की नोटरीच्या शिक्क्याचा उठाव वाचता येत नाही. महिनाअखेरपर्यंत नवा कागद पोचला नाही तर संगीताचा अर्ज बंद होणार होता.

"माज्याच पोटची लेक हाय," हिराबाई मला म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, त्यांना खरोखर समजत नव्हतं. "आन् त्यो कागद म्हन्तो न्हाई. आसं कसं वो ताई?"

मी शिक्का उघडला. चकत्या पुसल्या, भिंगातून बघितल्या. कडा स्वच्छ, अक्षरं धारदार. जुन्या यंत्राची थोडी सवय करून घ्यावी लागते, पण बोथट काही नव्हतं. मी एक कागद घालून दाबला. खिडकीशी धरला. मोत्यांची माळ, दोन रेघा, शरयूताईंचं नाव, सगळं लखलखीत उठलं.

तो कागद मी तसाच धरून उभी राहिले. मग म्हटलं, "तुम्ही कसं दाबता ते जरा दाखवता का?"

शरयूताईंनी माझ्याकडे बघितलं, मग यंत्र उजव्या हातात घेतलं. मूठ आवळली. दांडा अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांचं मनगट थरथरायला लागलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि परत आवळला. मग यंत्र टेबलावर ठेवून दिलं. कागदावर वरच्या कडेला चार मोती आणि त्यांच्या नावाची सुरुवात एवढंच आलं होतं. खाली सगळं पांढरं.

"शिक्का ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कळलं ना?"

"कळलं."

त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हलकाच, बोलण्याचालण्यात काही फरक नव्हता, फक्त उजव्या हातातली ताकद गेली होती. वारज्यात त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. नाशिकला बहिणीकडे गेले होते, असं सांगून त्या महिन्याने ऑफिसात बसल्या होत्या. हाताचं कळलं की लोक डोक्याबद्दलही शंका घेतील, ही भीती. नोटरीकडे माणूस येतो तो तिची नजर आणि तिचं भान शाबूत आहे ह्या विश्वासावर.

हिराबाईंनी तो उजवा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागल्या. "म्या तवाच वळखलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पानी पिताना डाव्या हातानं पेला घेत व्हत्या."

निखिलने फोन खिशात ठेवला. "आई, मी केव्हाचा सांगतोय, बंद कर हे. किती स्ट्रेस घेतेस! आणि एवढंच असेल तर मी दाबतो ना. त्यात काय आहे?"

"उद्या कोर्टात विचारलं शिक्का कोणी मारला, तर काय सांगू? माझा मुलगा जिमला जातो, म्हणून त्याने?"

"अगं पण मॅटर काय आहे, कागद जाणं का शिक्का कोणी दाबला ते?"

"दोन्ही एकच आहे, निखिल. तो शिक्का सांगतो की ही बाई माझ्यासमोर आली, तिने शपथ घेतली आणि मी ते पाहिलं. तू पाहिलं नाहीस. तू फोनवर होतास."

निखिल वाईट मुलगा नव्हता. आईची काळजी त्याला तेवढ्याच शब्दांत करता येत होती.

मी माझ्या परीने सुचवायला लागले. रबरी शिक्का? शरयूताई म्हणाल्या, आपल्या नियमात उठाव की शाई ह्याची फारशी चर्चा नाही, पण तिकडच्या त्या कार्यालयाला बोटाला लागणारा शिक्काच हवा होता. मग लहान चकती? वर्तुळ लहान केलं की जोर कमी लागतो. "पाच सेंटिमीटर," शरयूताई म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला. टेबलावरचं यंत्र काढून त्यात त्यांच्या चकत्या बसवल्या. डाव्या हाताने त्यांनी दांडा दाबला, आणखी थोडी अक्षरं उठली, पण खालचा अर्धा भाग पुसटच राहिला.

भाचीने चहा आणला. उन्हाचा एक तिरपा पट्टा शटरखालून आत आला होता, त्यात पितळेची धूळ तरंगत होती. बाहेर कोणीतरी लसूण सोलत बसलं होतं त्याचा वास येत होता. अशा वेळी दुकानात मला नेहमी झोप आणि जाग यांच्यामधलं काहीतरी वाटे. त्या गुंगीतच मी ऐकलं, शरयूताई स्वतःशी नियम पुटपुटत होत्या, देवघरात बायका स्तोत्र म्हणतात तसा. साधा गोल शिक्का, व्यास पाच सेंटिमीटर, त्यावर नाव, त्यावर क्षेत्र. परत पहिल्यापासून. साधा गोल शिक्का. आणि थांबल्या.

"मीनाताई. साधा."

"काय साधा?"

"नियमात पहिला शब्दच 'साधा' आहे. इतकी वर्षं मी तो वाचतेय आणि पाच सेंटिमीटरवर जातेय. तुमचे मोती काढले तर काय होईल?"

मी चकती हातात घेतली. आणि खरोखर, ज्या माळेचा मला सगळ्यांत अभिमान होता, तीच सगळा जोर खात होती. कडेने ते एवढे ठिपके, प्रत्येक ठिपका कागदाला वेगळा ओढणार. मग दोन रेघा. मग माझी ठसठशीत अक्षरं. कागद जितक्या जागी ताणायचा तितका हात लागणार. वर्तुळ तेवढंच ठेवायचं, पण आत फक्त एक बारीक रेघ आणि सडपातळ अक्षरं. ह्याला निम्म्याहून कमी जोर पुरला असता.

"होईल," मी म्हटलं. "पण ते हाताने करावं लागेल." संगणकाचं यंत्र सरळ खोल कापतं, खड्ड्याच्या भिंतीसारखं. हलक्या हाताने दाबायचं तर अक्षराच्या कडा आतल्या बाजूला जरा उतरत्या हव्यात, म्हणजे कागद त्यांवरून घसरत आत जातो. भाची म्हणाली, "मावशी, तुला दिसतं का तेवढं?" मी म्हटलं, "बघू या दिसतं का."

पुढचे काही दिवस मला धुक्यात घालवल्यासारखे आठवतात. सकाळचा उजेड खिडकीतून जेमतेम तासदीड तास माझ्या टेबलावर थांबे, तेवढ्यात कोरायचं. डोळ्यांना भिंग, भिंगापलीकडे पिवळं पितळ, त्यात उलटी अक्षरं. बऱ्याच वर्षांनी मला पुन्हा उलटी स्वप्नं पडायला लागली. मामंजी यायचे, काही न बोलता शेजारी बसायचे, हात मात्र त्यांचे डावे-उजवे बदललेले असायचे. एकदा जाग आल्यावर मला वाटलं, मोती काढल्याचं त्यांना आवडेल का? मग वाटलं, ते म्हणाले असते, हात कोणाचा आहे ते बघून साचा करायचा असतो.

टेबलावरच्या यंत्राचा दांडा नाना पेठेतल्या एका फॅब्रिकेटरकडून लांब करून घेतला. पहिल्या खेपेला तो इतका लांब झाला की शरयूताईंनी नुसता हात टेकला तर चकतीने कागद बिस्किटासारखा गोल कापून काढला. शरयूताई त्या भोकातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "व्यास बरोबर आहे." मग दांडा थोडा कापला आणि खाली नमद्याचा, म्हणजे घट्ट दाबलेल्या लोकरीचा, एक तुकडा बसवला, दांडा त्यावर टेकला की पुढे जाणार नाही असा. ते यंत्र आता पर्समध्ये काय, दोन्ही हातांतही मावणारं नव्हतं. घरोघर जाणं संपलं. शरयूताईंनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता लोकांनीच यायचं."

यंत्र घेऊन मी स्वतः वारज्याला गेले. निखिलने ते उचलून टेबलावर ठेवलं आणि ह्या वेळी तो फोन न काढता भिंतीशी उभा राहिला. हिराबाई आधीच येऊन बसल्या होत्या. जुन्या कागदावर नवा शिक्का चालत नाही, सगळं प्रतिज्ञापत्र पुन्हा करायचं होतं. शरयूताई मोठ्याने वाचायला लागल्या.

"मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की संगीता ही माझी मुलगी असून तिचा जन्म माझ्या राहत्या घरी मौजे वारजे येथे झाला."

"घरी न्हाई," हिराबाई म्हणाल्या.

शरयूताई थांबल्या. "मागच्या वेळी तुम्ही घरी म्हणालात."

"मागल्या टायमाला तुमी लई दमल्यावानी दिसत व्हत्या. म्हन्लं कशाला तरास." हिराबाई सावरून बसल्या. "रानात झाली. नदीच्या कडंला आमचं रान व्हतं, तितं छप्पर व्हतं. ह्यांनी बैल घिऊन गेलेले. सासू गावात. कळा आल्या तवा कोन बी न्हवतं. म्याच नाळ कापली. म्याच तिला लुगड्यात गुंडाळली आन् चालत घरला आली. सासू म्हन्ली, ह्ये काय आनलंस? म्हन्लं, लेक आनली."

बाहेरून हायवेवरच्या गाड्यांचा एकसारखा आवाज येत होता, लांबचा, नदीसारखा.

"हे सगळं लिहिता येणार नाही, हिराबाई," शरयूताई हळू म्हणाल्या.

"लिवा. पुन्यांदा परत आला तर?"

शरयूताईंनी विचार केला आणि मजकूर बदलला. 'राहत्या घरी'च्या जागी 'आमच्या शेतातील छपरात' आलं आणि शेवटी एक वाक्य वाढलं: 'प्रसूतीसमयी माझ्याखेरीज अन्य कोणीही हजर नव्हते.' त्यांनी ते वाचून दाखवलं. हिराबाईंनी मान हलवली. "आता खरं झालं."

मग अंगठा. हिराबाईंच्या अंगठ्यावर रेघा उरल्याच नव्हत्या, पहिला ठसा नुसता काळा डाग आला. शरयूताईंनी डाव्या हाताने त्यांचा अंगठा धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला. थोड्या रेघा आल्या. त्याखाली शरयूताईंची सही, ती त्या गेले काही महिने डाव्या हाताने गिरवत होत्या. नंतर त्या उभ्या राहिल्या. कागद चकत्यांमध्ये सरकवला. डावा तळवा दांड्यावर ठेवला, उजवा हात उचलून त्याच्यावर नुसता ठेवला आणि अंगाचा भार हळूच पुढे टाकला.

आवाज झालाच नाही म्हणा. पांघरूण अंगावर ओढताना होतो तेवढा.

कागद मी नाही घेतला. शरयूताईंनीच तो खिडकीशी नेला. आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे. एक बारीक वर्तुळ वर आलं, मग त्यांचं नाव, पुणे, क्रमांक, सरकारचं नाव. शेवटच्या अक्षरापर्यंत. मोत्यांशिवाय तो शिक्का मला ओळखू आला नाही आणि तरी मी केलेल्यांत तोच सगळ्यांत देखणा होता.

हिराबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "ह्यात माज्या लेकीचं नाव कुटं हाय?"

"लेकीचं नाही. माझं आहे."

त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं बी चाललं."

कागद वेळेत पोचला आणि ह्या वेळी परत आला नाही. ते मला हिराबाईंनी येऊन सांगितलं, मंडईत आल्या होत्या तेव्हा. सोबत मेथीच्या दोन जुड्या. नदीकाठचं ते रान त्यांनी बिल्डरला दिलं होतं, पण पत्र्याच्या कुंपणाआड काम सुरू व्हायचं होतं, तोवर त्या आत जाऊन भाजी लावत. "इमारतीला कोनाचं नाव देनार ते इचारलं न्हाई म्या," म्हणाल्या.

शरयूताई त्यानंतर आपल्या हाताबद्दल लोकांना स्वतःहून सांगायला लागल्या. कोणी शंका घेतली नाही. उलट म्हाताऱ्या बायका मुद्दाम त्यांच्याकडेच येत, आपापल्या गुडघ्यांचं सांगत बसत. नेमणुकीची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज केला नाही. निखिलनेच म्हणे विचारलं, "का गं, जमतंय की तुला!" त्या म्हणाल्या, "जमतंय तेव्हाच थांबावं म्हणते."

मुदत संपली त्याच दिवशी त्या दोन्ही शिक्के घेऊन दुकानात आल्या, जुनी पकड आणि निखिलने उचलून आणलेलं बिडाचं यंत्र. काम थांबलेल्या नोटरीचा शिक्का वापरता येईल असा कुठे पडून राहू नये, ही त्यांची शिस्त. मी चकत्या काढल्या, शिकंज्यात धरल्या आणि कानशीने आडवी रेघ मारली, मग उभी. स्वतः कोरलेलं खोडताना हाताला कसं वाटतं ते मला सांगता येणार नाही. मी खिडकीकडे बघत होते. उजेड टेबलावरून सरकला होता.

"झालं?" शरयूताईंनी विचारलं.

"झालं."

"चला मग, उद्या कुठेतरी जाऊ. इतक्या वर्षांत आपण दुकानाबाहेर कधी भेटलोच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने खडकवासल्याला गेलो. कामाचा वार, गर्दी नव्हती. पाणी काठोकाठ भरलेलं आणि इतकं निवांत की पलीकडचे डोंगर त्यात उलटे उभे होते, आणि मला ते न अडखळता वाचता येत होते. आम्ही कठड्यावर बसून भाजलेली कणसं खाल्ली. शरयूताईंनी मध्येच म्हटलं, "पर्स किती हलकी लागतेय," आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसल्या. मला वाटलं त्यांचे डोळे भरून आलेत, पण ऊनही डोळ्यांवर येत होतं.

एक तरुण जोडपं जवळ आलं. मुलगी म्हणाली, "काकू, प्लीज आमचा एक फोटो काढाल का? बॅकग्राउंडला डॅम आला पाहिजे."

शरयूताईंनी कणीस माझ्या हातात दिलं, फोन डाव्या हातात घेतला, उजव्याने खालून आधार दिला. त्या जोडप्याला जरा डावीकडे सरकवलं, मुलाला केस नीट करायला लावले, दोघांचे चेहरे एकदा फोनमध्ये आणि एकदा फोनवरून निरखून बघितले, जसं आयुष्यभर समोरच्या माणसाला आणि त्याच्या कागदावरच्या फोटोला बघत आल्या तसं. मग बोट टेकवलं आणि फोन परत दिला.

"वॉव, मस्त आलाय काकू! थँक्यू!"

"आलाय चांगला," शरयूताई म्हणाल्या. "पण तुम्हीच आहात असं लेखी मागू नका. मी कालच निवृत्त झाले."